सॉफ्टवेअर फुकट आहे हो, पण चालणार कशावर?



ओपन सोर्स ईआरपीवरचा व्हिडिओ टाकला आणि त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न सॉफ्टवेअरबद्दल नव्हताच. प्रश्न होता, "सर, ऑफिसात एक जुना पीसी पडून आहे, त्यावर टाकलं तर चालेल ना?" आणि त्याचाच जुळा भाऊ, "आमच्याकडे टॅलीचं मशीन आहे, त्यातच हे पण बसवून देऊ का?"

व्हिडिओत या विषयाला अर्धं मिनिटही मिळालं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मशीन आधी आणि सॉफ्टवेअर नंतर, हा क्रमच उलटा आहे. आधी सॉफ्टवेअर ठरवायचं. मग ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, तिच्या कोणत्या आवृत्तीवर चालतं ते बघायचं. आणि मग त्या सिस्टिमला झेपेल असं मशीन शोधायचं. बरेच जण घरात आहे त्या मशीनपासून सुरुवात करतात आणि वर लायसन्सचे पैसे वाचले म्हणून खूश होतात. ते पैसे पुढे "सर्व्हर बंद पडलाय, या ना" म्हणून बोलावलेल्या मुलाच्या व्हिजिटमध्ये जातात. शिवाय त्या दिवशी बिलं हाताने लिहावी लागतात, ते वेगळं.

आपल्या इथलंच उदाहरण घेऊ. ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं सॉफ्टवेअर. रुषभ मेहता यांनी २००८ साली कंपनी सुरू केली, तेव्हा तिचं नाव वेब नोट्स होतं. आज हे जगभर वापरलं जातं. जीपीएल लायसन्स आहे, म्हणजे तुम्ही डाउनलोड करा, दहा मशीनवर टाका, कोड बदला, कुणी पैसे मागणार नाही. स्टॉक, बिलिंग, उत्पादन, सगळं एका ठिकाणी. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला ज्या गोष्टी लागतात त्यातल्या बहुतेक यात आहेत.

आता गंमत बघा. हे सॉफ्टवेअर विंडोजवर थेट चालत नाही. लिनक्स किंवा मॅक. विंडोजवरच चालवायचं असेल तर डब्ल्यूएसएल, डॉकर किंवा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या पोटात लिनक्स बसवून. आणि आपल्या शंभरातल्या किती दुकानांत लिनक्स आहे? टॅली विंडोजवर. जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकन विंडोजवर सेट करून दिलेलं. प्रिंटरची सीडी विंडोजची. त्यामुळे इथेच पहिली ठिणगी पडते.

"मग डब्ल्यूएसएल आहेच की," असं यूट्यूबवरच्या कुठल्यातरी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत ऐकलेलं असतं. शिकायला डब्ल्यूएसएल उत्तम आहे, मीही शिबिरात तेच वापरायला सांगतो. पण त्यावर धंदा चालवू नका. का ते सांगतो. रात्री विंडोज अपडेट होतं, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. सकाळी कुणी लॉगिन केल्याशिवाय आतलं लिनक्स आपसूक उठत नाही. तुमचा काउंटरवरचा मुलगा साडेनऊला बिल काढायला बसतो आणि ब्राउझरमध्ये पांढरं पान दिसतं. वर आणखी, त्या आतल्या लिनक्सचा नेटवर्क पत्ता रीस्टार्टनंतर बदलू शकतो, म्हणजे काल बाजूच्या टेबलवरून उघडत होतं ते आज उघडत नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, त्याला चुकीच्या घरात राहायला पाठवलंय.

ओडूचं काय, असं काही जण विचारतात, कारण त्याचा विंडोजचा इन्स्टॉलर मिळतो. मिळतो, बरोबर आहे. पण ओडूवाल्यांची स्वतःचीच सूचना अशी आहे की विंडोजचं पॅकेज तपासून बघायला किंवा एकट्याने वापरायला. खऱ्या कामासाठी नको. इन्स्टॉल होणं वेगळं आणि वर्षभर चालणं वेगळं. कोटेशन देणारा पहिल्याबद्दल बोलत असतो, तुम्ही दुसऱ्याबद्दल समजून घेता.

आणि टॅलीच्या मशीनवर दुसरा सर्व्हर टाकणं? नको. एका मशीनला एकच काम द्या. अकाउंटंटने मार्चअखेरीला मशीन रीस्टार्ट केलं म्हणून गोडाऊनचं काम थांबायला नको.

बरं, लिनक्स घ्यायचं ठरलं. तर कोणतं? इथे लोक म्हणतात, "लिनक्स म्हणजे लिनक्स, काहीही टाका." असं नसतं. साखळी असते. ईआरपीनेक्स्टच्या १५व्या आवृत्तीला पायथॉन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं, आणि डेटाबेससाठी मारियाडीबी १०.६. उबुंटू २२.०४ मध्ये या दोन्ही गोष्टी मुळातच येतात. उबुंटू २०.०४ मध्ये पायथॉन ३.८ येतं. म्हणजे तुमच्या मित्राने तीन-चार वर्षांपूर्वी २०.०४ टाकून दिलेल्या मशीनवर हे सरळ बसणार नाही. मग कुणीतरी हुशार मुलगा वेगळं पायथॉन खालून ओढून, दोन-तीन ठिकाणी जोड देऊन ते चालू करून देतो. चालतं, नाही असं नाही. पण पुढच्या अपडेटला ते जोड सुटतात, आणि तोवर तो मुलगा हिंजवडीत नोकरीला लागलेला असतो.

उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळतात. २०.०४ ची मुदत २०२५ मध्ये संपली. २२.०४ ची २०२७ मध्ये संपेल, २४.०४ ची २०२९ मध्ये. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण मशीनवर टाकायच्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून त्याच मशीनला चिकटवा. गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो हे आपल्याला माहीत असतं ना, तसं.

मुदत संपणं ही किती मोठी गोष्ट असते, हे सेंटॉसवाल्यांना विचारा. सेंटॉस म्हणजे रेड हॅटच्या पैसे भरून घ्यायच्या लिनक्सचा फुकटातला जुळा. हजारो छोट्या होस्टिंगवाल्यांनी त्याच्यावर संसार मांडला होता. सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीस बंद. आठ वर्षांची पुंजी एका वर्षावर आली. पुढे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले, लोकांची सोय झाली, पण मधल्या काळात ज्यांच्याकडे कुणी जाणकार नव्हता ते तसेच बसून राहिले. सेंटॉस ७ चीही मुदत ३० जून २०२४ ला संपली, तरी आजही स्वस्तातल्या सर्व्हरवर तुम्हाला ते सापडेल. कुणी तुम्हाला "रेडी सर्व्हर" विकत असेल तर आत काय आहे ते विचारा. उत्तर सेंटॉस ७ आलं तर चहा प्या आणि निघा.

आता मशीनकडे येऊ, कारण खरी फसगत इथे होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीचे डेस्कटॉप काढून टाकले आणि ते रिफर्बिश्ड बाजारात आले. आपल्यासाठी ही चांगली बातमी आहे! विंडोज ११ ने नाकारलेलं सहाव्या पिढीचं आय५ मशीन लिनक्ससाठी अगदी ठणठणीत असतं. आठ किंवा सोळा जीबी रॅम, नवीन एसएसडी, आणि सात-आठ माणसांच्या ऑफिसला पुरेल असा सर्व्हर तयार. नवीन मशीन घ्या असा माझा अजिबात आग्रह नाही.

पण. त्याच पिढीचं, त्याच डब्यातलं, त्याच कंपनीचं मशीन पेंटियम किंवा सेलेरॉनवाल्या प्रोसेसरचंही मिळतं. बाहेरून फरक कळत नाही, किंमत थोडी कमी असते. त्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना नसतात. कशाला लागतात या सूचना? तर मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० आवृत्तीपासून एव्हीएक्स नसलेल्या इंटेल-एएमडी मशीनवर सुरूच होत नाही. हळू चालतो असं नाही, सुरूच होत नाही. आणि मोंगोडीबीवर उभी असलेली चॅटची, सपोर्ट तिकिटांची बरीच ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत. ईआरपीनेक्स्ट त्यात नाही, ते मारियाडीबीवर चालतं, हे नशीब.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स तर याच्याही पुढे गेलंय. त्याच्या ९व्या आवृत्तीने २०२२ मध्ये फार जुने प्रोसेसर वगळले. २०२५ मध्ये आलेल्या १०व्या आवृत्तीने पट्टी आणखी वर नेली. तिला एव्हीएक्स२ लागतं, म्हणजे इंटेलचं ढोबळमानाने २०१३ मधली चौथी पिढी आणि त्यापुढचे आय३, आय५, आय७. अल्मालिनक्सने मात्र जुन्या मशीनवाल्यांसाठी १०ची वेगळी बांधणी ठेवली आहे, हे त्यांचं कौतुक. आणि ३२ बिटचं मशीन कुणी गळ्यात मारत असेल तर तो विषयच सोडा. जुन्या मशीनचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा डेबियनसुद्धा २०२५ च्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देत नाही.

तपकीर गल्लीत वायर, दिवे, स्विच घासाघीस करून स्वस्तात मिळतात, पण प्रोसेसरचं वय घासाघीस करून कमी होत नाही. म्हणून जुनं मशीन घेताना पेन ड्राइव्हवर उबुंटू घेऊन जा. दुकानदारासमोर ते पेन ड्राइव्हवरूनच चालू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड द्या. प्रोसेसरचं नाव येईल आणि खाली फ्लॅग्ज म्हणून लांबलचक यादी येईल. त्यात एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ आहे का बघा. लॅनची केबल लावून इंटरनेट येतंय का बघा. एसएसडी दिसते का बघा. दहा मिनिटांचं काम आहे. दुकानदार कुरकुरला तर समजून जा.

एसएसडी दिसते का, हे मुद्दाम म्हणतोय. काही ब्रँडेड डेस्कटॉपच्या बायोसमध्ये डिस्कची सेटिंग रेड किंवा इंटेल आरएसटी अशी ठेवलेली असते. विंडोजला डिस्क दिसते, लिनक्सच्या इन्स्टॉलरला दिसत नाही. लोकांना वाटतं डिस्क खराब आहे. बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करायचं, संपलं. फक्त आधीच्या विंडोजमधला डेटा हवा असेल तर तो आधी काढून घ्या, कारण सेटिंग बदलल्यावर ते विंडोज बहुतेक वेळा उठत नाही.

उलटाही प्रकार होतो बरं का. अगदी नवीन, काल बाजारात आलेला मदरबोर्ड आणि चार वर्षं जुनं लिनक्स. मग लॅन कार्डच ओळखलं जात नाही, कारण त्या लिनक्सच्या कर्नलच्या जन्माच्या वेळी ते कार्ड अस्तित्वातच नव्हतं. दोघांचं वय जुळायला हवं. आपल्याकडे लग्नात पत्रिका बघतात, इथे वय बघा, पत्रिकेपेक्षा उपयोगाचं आहे.

रास्पबेरी पाय घेऊ का, असंही तरुण मंडळी विचारतात. खेळायला, शिकायला, दुकानातला डिस्प्ले चालवायला घ्या. पण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. ज्या सॉफ्टवेअरने एआरएमसाठी वेगळी बांधणी दिलेली नाही ते त्यावर चालणार नाही. शिवाय मेमरी कार्डवर रात्रंदिवस डेटाबेस लिहीत राहिला तर कार्ड झिजतं. दिवसाला चार बिलं काढणाऱ्या माणसाचाही हिशोब मेमरी कार्डवर असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक गोष्ट, जी कुठल्याही कोटेशनमध्ये नसते आणि पहिल्याच दिवशी तुमचं नाक कापते. पीडीएफ बिल.

ईआरपीनेक्स्ट बिलाची पीडीएफ बनवायला वर्षानुवर्षं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ नावाचं एक वेगळं छोटं सॉफ्टवेअर वापरत आलंय. याच्या दोन जाती आहेत. उबुंटूच्या भांडारातून सरळ घेतलं तर येणाऱ्या जातीत पानाचा हेडर आणि फुटर नीट येत नाही. त्यासाठी सुधारित क्यूटीवाली वेगळी बांधणी बसवावी लागते. आणि तो मूळ प्रकल्प २०२३ मध्ये गुंडाळला गेलाय, नवीन सुधारणा होत नाहीत. म्हणजे इतकी मोठी इमारत, आणि तिच्या दाराची कडी अशा एका सुताराने केलेली ज्याने दुकान बंद केलंय. ग्राहकाला मात्र तुमचा डेटाबेस दिसत नाही, बिल दिसतं. त्यावर लेटरहेड नसेल तर तो म्हणणार, "हे काय पाठवलंय?"

दुसरं, मराठी. स्क्रीनवर ग्राहकाचं नाव मराठीत झकास दिसतं, कारण स्क्रीन तुमच्या लॅपटॉपची आणि फाँटही लॅपटॉपचा. पीडीएफ मात्र सर्व्हरवर बनते. सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसेल तर नावाच्या जागी चौकोन छापून येतात. "मराठी चालत नाही हो यात," असं म्हणून कित्येकांनी सगळा डेटा इंग्रजीत करून टाकलाय! उपाय एका कमांडचा आहे. लोहित देवनागरी किंवा नोटो फाँट सर्व्हरवर बसवायचा. लोहित फाँट रेड हॅटने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले आणि पुढे ते सांभाळण्यात याच कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातल्या लोकांचा मोठा वाटा होता. म्हणजे औषध आपल्याच गावात तयार झालंय आणि आपण मराठी सोडून देतोय. मला याचा राग येतो, पण असो.

म्हणून सॉफ्टवेअर पसंत करताना डेमोमध्ये डॅशबोर्डचे रंगीत आलेख बघत बसू नका. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, तुमच्या लेटरहेडसह, मराठी नावाचं, तीन पानी बिल काढून दाखवा म्हणा. ते प्रिंटरवर छापून हातात घ्या.

विजेचं थोडक्यात. चाळीस वॉट खाणारं मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला सुमारे एकोणतीस युनिट होतात, फार नाही. पण यूपीएस हवाच, आणि तो असा हवा की बॅटरी संपत आली की यूएसबी केबलने मशीनला सांगेल आणि मशीन नीट बंद होईल. लिनक्समध्ये यासाठी एनयूटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण ते प्रत्येक यूपीएसला ओळखत नाही. त्याच्या साइटवर यादी आहे, यादीतलाच यूपीएस घ्या. भोसरी-चाकणकडच्या मंडळींना गुरुवारची सुट्टी आणि गुरुवारची वीज दोन्ही माहीत आहेत. अपडेट आणि देखभाल त्याच दिवशी ठेवा, पण वीज कधी जाते ते बघून. अर्धवट अपडेटमध्ये लाइट गेली तर शुक्रवार वाया जातो.

"सर, एवढं सगळं करण्यापेक्षा क्लाउड घेतलेला बरा नाही का?" अनेकांसाठी हो. ज्यांचं इंटरनेट भरवशाचं आहे, ज्यांची दोन-तीन ठिकाणी दुकानं आहेत, त्यांनी भाड्याचा सर्व्हर घ्यावा. प्रोसेसरची, यूपीएसची कटकट संपते. ऑपरेटिंग सिस्टिमची मात्र संपत नाही. तिथेही आवृत्ती तुम्हीच निवडायची असते आणि मुदत तुमचीच संपते. आणि वेबसाइटबरोबर मिळणारं स्वस्त शेअर्ड होस्टिंग म्हणजे क्लाउड नव्हे. त्यावर वर्डप्रेस मजेत चालतं, कारण त्याला पीएचपी आणि मायएसक्यूएल पुरतं. ईआरपीनेक्स्टला मागे सतत चालू राहणारी कामं, रेडिस आणि मारियाडीबी लागतं, ते तिथे बसत नाही. क्लाउडवर एआरएमचे सर्व्हर थोडे स्वस्त मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण रास्पबेरी पायबद्दल जे बोललो तोच प्रश्न आधी विचारा.

ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. हिशोबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो, ऑगस्ट २०२२ पासून नियम तसा आहे. आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे. परदेशातलं स्वस्त मशीन बघून भुरळ पडली तर आधी आपल्या सीएला फोन करा.

बॅकअपवरून आठवलं. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघावा लागतो. कंपॅटिबिलिटीची खरी परीक्षा तिथेच होते. ईआरपीनेक्स्टच्या बॅकअपमध्ये डेटाबेस असतो, फायली असतात आणि साइट कॉन्फिग नावाची एक छोटी फाइल असते. त्या छोट्या फाइलमध्ये एक एन्क्रिप्शन की असते. लोक डेटाबेस जपतात आणि ती फाइल फेकून देतात. मग नवीन मशीनवर सगळं येतं, पण साठवलेले ईमेलचे वगैरे पासवर्ड उघडत नाहीत. शिवाय जुन्या बॅकअपसाठी नवीन मशीनवरही तीच आवृत्ती आधी बसवावी लागते, मग पुढे चढवायची. म्हणून बॅकअपच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. लिनक्सची आवृत्ती, पायथॉनची, मारियाडीबीची, ईआरपीनेक्स्टची. चार ओळी.

आणि सर्व्हर बसवून देणाऱ्याला ऑर्डर देण्याआधी कोटेशनमध्ये हे लिहून घ्या: ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव, आवृत्ती आणि तिची मुदत संपायचं वर्ष, प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल, नुसतं "आय५" नव्हे, तुमच्या लेटरहेडवरचं मराठी बिल छापून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता, आणि रूट पासवर्ड तुमच्या हातात, बंद पाकिटात, कामाच्या शेवटच्या दिवशी. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर फारसं कुणी वाद घालत नाही. चौथीवर जो वाद घालेल, त्याला काम देऊ नका.